लहान मुलासाठी पलंग निवडताना: आधी मूल, मग खोली, शेवटी पलंग

मूल बेबी कॉटच्या कठड्यावर पाय टाकू लागलं की घरात पलंगाचा विषय निघतो. मग फोटो बघणं सुरू होतं: घराच्या आकाराचा पलंग, गाडीच्या आकाराचा पलंग, खाली खण असलेला, बाजूला घसरगुंडी असलेला. मुलाची उंची किती आणि खोलीत जागा किती, हे पलंग दारात आल्यावर आठवतं. इथे क्रम उलटा ठेवला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं उलटलेल्या मुलासाठी बहुतेक घरांत ‘लहान मुलांचा खास पलंग’ लागतच नाही. साधा, बुटका सिंगल पलंग पुरतो. त्याहून लहान मूल असेल किंवा खोली अगदीच छोटी असेल, तर गणित बदलतं. ते कसं, हे पुढे येईल.

पहिली पायरी: वेळ खरंच झाली आहे का?

कॉट सोडण्याचं ठरावीक वय नाही. पण यापुढे थांबू नये, अशी खूण मात्र आहे. मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सें.मी. झाली, किंवा कॉटमध्ये उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीच्या जेमतेम वर येऊ लागला, की कॉट बंद करावी, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत दोन वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण ८७ सें.मी. आणि तीन वर्षांच्या मुलाची ९६ सें.मी.च्या आसपास आहे. म्हणजे बऱ्याच मुलांच्या बाबतीत ही खूण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान येते.

दुसरी खूण उंचीची वाट बघत नाही. मूल एकदा जरी कठडा ओलांडून बाहेर आलं, तरी कॉटचं काम संपलं. कठड्यावरून चढणारं मूल पुढे झुकतं आणि डोकं खाली करून पडतं. बुटक्या पलंगावरून लोळत खाली येणं आणि हे पडणं यांत फार फरक आहे.

यापैकी काहीच घडलेलं नसेल तर घाई करू नका. ‘आता मोठा झाला’ हे कारण पुरेसं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या दीड ते तीन वर्षं वयाच्या जवळजवळ दोन हजार मुलांच्या झोपेची माहिती पालकांकडून घेतली होती. कॉटमध्ये झोपणारी मुलं लवकर झोपी जात होती, रात्री कमी वेळा उठत होती आणि सलग जास्त वेळ झोपत होती. यावरून कॉटमुळेच झोप सुधारते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण जे मूल आधीच नीट झोपत नाही त्यालाच पालक लवकर पलंगावर आणत असतील. तरी त्यामागचं एक कारण समजण्यासारखं आहे. पलंगाला चारही बाजूंनी कठडा नसतो. ‘इथेच पडून राहायचं’ ही सूचना मुलाला मनात धरून ठेवावी लागते, आणि दोन वर्षांच्या मुलाला ते अजून जमत नाही. तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं.

थोडा वेळ काढायचा असेल तर कॉटची गादी सगळ्यात खालच्या पातळीवर आणा. पायरी म्हणून वापरता येतील अशी मोठी खेळणी, उशा, कडेचे जाड बंपर काढून टाका. कॉटची एक बाजू उंच असेल तर ती खोलीकडे आणि बुटकी बाजू भिंतीकडे वळवा, मात्र कॉट भिंतीला घट्ट टेकलेली असू द्या. अंगात घालायची स्लीपिंग बॅगही उपयोगी पडते, कारण तिच्यात पाय उचलून कठड्यावर टाकता येत नाही. कॉटवर लावायचा जाळीचा तंबू मात्र वापरू नका. त्यात मुलं अडकल्याच्या घटना घडल्या आहेत.

घरात दुसरं बाळ येणार असेल तर दोनच सोयीच्या वेळा आहेत. एक, बाळ येण्याच्या निदान दोन महिने आधी, म्हणजे मोठ्याला नवा पलंग आपला वाटू लागतो आणि कॉट हिसकावून घेतल्यासारखं होत नाही. दुसरी, बाळ आल्यानंतर काही महिन्यांनी. बाळ सुरुवातीला वेगळ्या छोट्या पाळण्यात झोपत असेल तर दुसरा पर्याय जास्त बरा. लंगोट सोडवणं, घर बदलणं, शाळा सुरू होणं यांतलं काही त्याच महिन्यात चालू असेल, तर पलंग थांबू द्या.

दुसरी पायरी: टेप घेऊन बसा

पहिलं माप गुडघ्याचं. मुलाला छोट्या स्टुलावर पाय जमिनीला टेकतील असं बसवा आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा. गादीचा वरचा पृष्ठभाग साधारण याच उंचीवर हवा, कारण तेवढ्या उंचीवरून मूल स्वतः बसतं, उतरतं आणि अर्धवट झोपेतही पाय जमिनीवर ठेवतं. अंदाज म्हणून सांगायचं तर युरोपातल्या शालेय फर्निचरच्या मानकात ८० ते ९५ सें.मी. उंचीच्या मुलांसाठी बैठक २१ सें.मी. आणि त्यापुढच्या, साधारण ११६ सें.मी.पर्यंतच्या मुलांसाठी २६ सें.मी. धरली आहे. मोठ्यांचा पलंग गादीसकट सहज ५० ते ६० सें.मी. भरतो, म्हणजे मुलाच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. पलंगाच्या माहितीपत्रकात बरेचदा फक्त चौकटीची उंची दिलेली असते. गादीची जाडी त्यात आपण मिळवायची असते.

दुसरं माप लांबीचं. मुलाची उंची अधिक २० सें.मी. एवढी गादी आज पुरते. पण आजपुरतं मोजू नका. चार वर्षांचं मूल मधल्या मापाने १०३ सें.मी.च्या आसपास असतं, पाच वर्षांचं ११० च्या. अमेरिकी मापाच्या टॉडलर बेडला, म्हणजे लहान मुलांच्या खास बुटक्या पलंगाला, कॉटचीच गादी लागते, साधारण १३२ बाय ७० सें.मी. ती पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते. युरोपात ७० बाय १४० हे माप रूढ आहे, ते थोडं जास्त टिकतं. १९० किंवा २०० सें.मी.चा सिंगल पलंग शाळा संपेपर्यंत जातो.

तिसरं माप खोलीचं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाच्या आकाराचा तुकडा करा आणि तो जमिनीवर पसरा. दार पूर्ण उघडतं का? कपाटाचे खण बाहेर येतात का? मुलाला उतरायला एका बाजूने निदान ६० सें.मी. मोकळी जागा राहते का? दोन दिवस तो कागद तसाच राहू द्या. आपण कुठे ठेचकाळतो ते लगेच कळतं. सिंगल पलंग घेणार असाल तर जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजून घ्या.

तिसरी पायरी: प्रकार, आणि कोणता कोणाला

*जमिनीवरची गादी.* मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. मुलाला कोणाच्या मदतीशिवाय झोपता-उठता यावं, हा त्यांच्या विचारातला भाग आज ‘फ्लोअर बेड’ या नावाने ओळखला जातो. पडण्याची भीती जवळजवळ संपते, हा त्याचा मोठा फायदा. दीड वर्षाच्या चढक्या मुलाला कॉटमधून काढावंच लागलं, तर माझी पहिली निवड हीच असेल. तोटा असा की थेट फरशीवर ठेवलेल्या गादीखाली दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. गादी रोज उभी करून वाळवा, किंवा फटी असलेल्या लाकडी पट्ट्यांची पाच-दहा सें.मी. उंच बैठक खाली ठेवा. दुसरी गोष्ट, जमिनीवरच्या गादीवर झोपणारं मूल रात्री पूर्ण मोकळं असतं. खोली सुरक्षित करण्याचं काम इथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट करावं लागतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर, मग ती जमिनीवर का असेना, झोपवू नका.

*टॉडलर बेड.* कॉटच्याच मापाचा, बुटका, डोक्याकडे छोटे कठडे असलेला पलंग. अमेरिकेच्या मानकात तो १५ महिन्यांपासून पुढच्या आणि ५० पौंड, म्हणजे सुमारे २२.७ किलो वजनापर्यंतच्या मुलांसाठी असतो, आणि कठडा गादीच्या वर निदान ५ इंच, म्हणजे १२.७ सें.मी. यावा लागतो. कॉटची गादी आणि चादरी तशाच वापरता येतात, खोलीत जागा कमी लागते, आणि ओळखीच्या गादीवर मूल लवकर रुळतं. पण वजनाची मर्यादा पुन्हा वाचा. गोष्ट सांगायला, ताप आला म्हणून शेजारी पडायला, भीती वाटते म्हणून जवळ बसायला मोठं माणूस या पलंगावर टेकू शकत नाही. टेकलं तर पट्ट्या मोडतात. रोज रात्री मुलाशेजारी आडवं व्हायची सवय असलेल्या घरात हा पलंग काही आठवड्यांत अडगळ होतो. जागा अगदी कमी असेल, किंवा एखाद्या नात्यातल्या मुलाचा चांगल्या स्थितीतला पलंग मिळत असेल, तर मात्र तो जरूर घ्यावा.

*कन्व्हर्टिबल कॉट.* आधी कॉट, मग एक बाजू काढून टॉडलर बेड, काही मॉडेलांत पुढे मोठा पलंगही. घरात अशी कॉट आधीपासून असेल तर नवं काही शोधू नका, बाजू काढा आणि वापरा. नवी घेत असाल तर एक गोष्ट विचारा: रूपांतराचा कठडा आणि जोडपट्ट्या सोबत येतात की वेगळ्या घ्याव्या लागतात? वेगळ्या असतील तर त्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण दोन वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं आणि दुसऱ्या मॉडेलचा कठडा त्याला बसत नाही. स्क्रू, अॅलन की आणि सूचनापत्रक एका पिशवीत घालून ती कॉटच्या खालच्या पट्टीला बांधून ठेवा.

*बुटका सिंगल पलंग.* पाय आखूड असलेला किंवा पाय काढता येणारा, पट्ट्यांची बैठक असलेला, १० ते १५ सें.मी. जाडीच्या गादीचा. एक बाजू भिंतीला, दुसरीकडे काढता-घालता येणारा कठडा. मोठं माणूस बसू शकतं, आडवं होऊ शकतं. मूल वाढलं की कठडा काढायचा आणि पाय लावायचे. दोन वर्षांपुढच्या मुलाला मी हाच सुचवेन. एकच अट आहे. असे जोडायचे कठडे साधारण दोन ते पाच वर्षांच्या, पलंगावर स्वतः चढता-उतरता येणाऱ्या मुलांसाठीच असतात. दोन वर्षांच्या आतलं मूल कठडा आणि गादी यांच्यामध्ये सरकलं तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही. त्या वयाला जमिनीवरची गादी किंवा अंगचाच कठडा असलेला टॉडलर बेड ठीक.

*आकाराचे पलंग.* गाडीच्या पलंगाचं मुलाला वेड लागतं हे खरं, आणि न झोपणारं मूल हौसेने त्यात शिरतं हेही खरं. पण गादीचं माप बहुतेक वेळा वेगळंच असतं, कडा उंच असतात आणि हौस गादीआधी संपते. घराच्या आकाराच्या चौकटीचा पलंग दिसायला सुंदर असला, तरी आडव्या दांड्या दिसल्या की मुलं लोंबकळतात. घ्यायचाच तर चौकट भिंतीला पक्की करा आणि तिच्यावर दिव्यांच्या माळा, दोऱ्या, लांब पडदे बांधू नका.

*बंक बेड,* म्हणजे दोन मजली पलंग. वरचा मजला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या मानकांत स्पष्ट आहे. धाकटा खाली झोपेल, असं म्हणून लोक घेतात. पण शिडी त्याच्याच उशाशी असते आणि दिवसा तिच्यावर कोण चढणार, हे सांगायला नको. मोठ्या भावंडासाठी बंक घ्यावाच लागला तर काढून ठेवता येणारी शिडी घ्या. कठड्याची वरची कड गादीच्या निदान १२.७ सें.मी. वर हवी असं अमेरिकी नियम सांगतो, म्हणून जाड गादी घालून ती उंची खाऊ नका. युरोपात हेच अंतर १६ सें.मी. आहे.

*हवा भरायची गादी आणि सोफा* रोजच्या झोपेसाठी नकोतच. दोन्हींत मऊ खळगा पडतो आणि कडेला फट राहते.

चौथी पायरी: फटी मोजा

पलंग विकत घेताना लोक लाकूड ठोकून बघतात, रंग बघतात. फटी कोणी मोजत नाही. लहान मुलाच्या पलंगात खरा धोका पडण्यापेक्षा अडकण्याचा असतो. मुलाचं धड त्याच्या डोक्यापेक्षा अरुंद जागेतून जातं. मूल पाय पुढे करून फटीतून सरकतं, छातीही जाते आणि डोकं मागे अडकतं. म्हणून फट एवढी लहान हवी की धड जाणार नाही, किंवा एवढी मोठी हवी की डोकंही सहज निघेल. मधली फट वाईट. साधारण ९ ते २३ सें.मी. हा तो मधला पट्टा.

कॉटच्या आणि कॉटपासून बनलेल्या पलंगाच्या गजांमधलं अंतर अमेरिकेत ६ सें.मी.पेक्षा जास्त चालत नाही, युरोपात ते ४.५ ते ६.५ सें.मी.च्या दरम्यान ठेवतात. डोक्याकडच्या आणि पायथ्याकडच्या नक्षीतली भोकं, कठड्याखालची जागा, गादी दाबल्यावर कठड्याशेजारी उघडणारी फट, हे सगळं मोजा. कठड्याची फट तपासताना नुसतं बघू नका. गादीवर हाताचा पूर्ण भार टाका आणि कठडा बाहेरच्या बाजूला ओढा. तेव्हा दिसते ती खरी फट, आणि ती शून्याजवळ हवी.

जोडायचा कठडा पलंगाच्या टोकापर्यंत न येता थोडा अलीकडेच संपत असेल तर तिथेही हाच नियम लागतो. बरेच उत्पादक दोन्ही टोकांना २५ सें.मी. किंवा जास्त मोकळी जागा सोडायला सांगतात, ते यासाठीच. कठड्याला जोडलेला पट्टा गादीखालून नेऊन पलीकडच्या बाजूला पक्का अडकवायचा असतो. नुसता गादीखाली सरकवलेला कठडा मूल रेललं की गादीपासून दूर जातो, आणि आपणच तयार केलेल्या सापळ्यात मूल झोपतं.

भिंतीचंही तसंच. पलंग एकतर भिंतीला पूर्ण चिकटवा आणि तो सरकणार नाही असं बघा, किंवा निदान ३० सें.मी. बाजूला घ्या. भिंतीच्या तळाला पट्टी असेल तर पलंग टेकल्यासारखा दिसतो आणि वर दोन-तीन बोटांची फट राहते. ती रोज थोडी-थोडी वाढते. पायांखाली रबराचे गुटके घाला. फटीत उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबणं हा उपाय नाही, ती सरकते.

कोपऱ्यांचे वर आलेले खांब आणि गोंडेही बघा. मुलाच्या कपड्याची कॉलर किंवा दोरी त्यात अडकते. खांब सपाट, कड गोल, आणि हात फिरवल्यावर एकही स्क्रू टोचता कामा नये.

पाचवी पायरी: गादी

दुकानात स्वतः आडवं होऊन मुलाची गादी ठरवू नका. आपल्याला सुखाची वाटणारी गादी मुलाला जास्त मऊ असते. तळहाताने मधोमध आणि कडेला जोरात दाबा. हात काढताच ती लगेच पूर्ववत झाली पाहिजे, हाताचा ठसा राहता कामा नये. कडा मधल्या भागाइतक्याच घट्ट हव्यात, कारण मूल कडेवर बसून उतरतं.

चौकट आणि गादी यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. जाडी ठरवताना दोन गोष्टी एकदम सांभाळा: बसण्याची उंची आणि कठड्याची उरणारी उंची. जाडी वाढली की पहिली वाढते, दुसरी घटते. कॉटच्या मापाच्या गादीला अमेरिकेत १५ सें.मी.ची कमाल मर्यादा आहे ती यामुळेच. स्प्रिंग की फोम या वादात फार पडू नका. घट्ट असली की दोन्ही चालतात. फक्त स्प्रिंगवर उड्या जास्त मारल्या जातात.

गादीवर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर लावा, त्यावर चादर, त्यावर पुन्हा प्रोटेक्टर आणि पुन्हा चादर. रात्री दोन वाजता ओली झालेली वरची जोडी ओढून काढली की खालची तयार असते. उशीची दोन वर्षांपर्यंत गरज नाही, त्यानंतर पातळ. पांघरूण हलकं.

सहावी पायरी: लाकूड, रंग आणि जुना पलंग

भरीव लाकूड असो वा प्लाय, जोड गोंदावर नसून बोल्टवर असावेत आणि पट्ट्या चौकटीला पक्क्या केलेल्या असाव्यात. नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या उड्या मारल्या की सुटतात. भुशापासून बनवलेल्या फळ्यांमध्ये फॉर्मल्डिहाइड वायूचा प्रश्न असतो. अशा फळ्या घेतल्या तर कमी उत्सर्जनाचा दर्जा विचारा, युरोपात तो ‘ई१’ या खुणेने दाखवतात, आणि कापलेल्या कडा झाकलेल्या आहेत का ते बघा. नवीन पलंग काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून तसाच राहू द्या. वास येत असेल तोवर मूल त्यात नको.

जुना पलंग घेण्यात गैर काही नाही, पण दोन बाबतींत ठाम राहा. एक बाजू खाली सरकणारी जुनी कॉट आणि तिच्यापासून केलेला पलंग नको. बाजू निखळून ३० हून अधिक बालमृत्यू झाल्यानंतर अमेरिकेने २०११ मध्ये अशा कॉटच्या विक्रीवर बंदी घातली. दुसरं, माहीत नसलेला जुना रंग. शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, इतर अनेक ठिकाणी ती फार उशिरा आली. दात येणारं मूल कठडा चावतंच. रंग खरवडायला बसू नका, त्याची धूळ आणखी वाईट. तो पलंग सोडून द्या. बोल्ट हरवलेला असेल तर त्या जागी हाताला लागेल तो बसवू नका, उत्पादकाकडून मूळ मापाचा मागवा.

सातवी पायरी: आता सगळी खोलीच कॉट झाली

कॉट होती तोवर मुलाचं जग चार कठड्यांत होतं. आता पहाटे चार वाजता मूल उठेल, आवाज न करता, आणि खोलीत जे असेल ते हाताळेल. गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत एक फेरी मारा. मजा वाटेल, पण त्या उंचीवरून जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही.

कपाट, खणांचं टेबल, पुस्तकांचं शेल्फ भिंतीला कोनपट्टीने ठोका. मुलं खण पायऱ्यांसारखे ओढून चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं. खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या कापा किंवा उंच बांधा. पलंग खिडकीपासून, प्लगपासून आणि हीटरपासून दूर ठेवा. पलंगाच्या वर भिंतीवर जड फ्रेम नको. उतरायच्या बाजूला न घसरणारी सतरंजी टाका. खोलीबाहेर जिना असेल तर उभ्या गजांचं फाटक लावा. खोलीचं दार बाहेरून कडी लावून बंद करू नका. आग लागली तर त्या कडीपर्यंत पोहोचायला वेळ नसतो.

आठवी पायरी: पहिले पंधरा दिवस

पलंग जोडताना मुलाला सोबत घ्या, स्क्रू मोजायला द्या. शक्य असेल तर नवा पलंग जुन्या कॉटच्याच जागी ठेवा. तीच चादर, तीच बाहुली, तोच मंद दिवा. आधी दुपारच्या झोपेने सुरुवात केली तर रात्र सोपी जाते. झोपेची वेळ आणि क्रम अजिबात हलवू नका. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. पलंग बदलला म्हणून ती कमी होऊ द्यायची नाही.

मूल उठून बाहेर येईल. पहिल्या रात्री बहुधा नाही, नवलाई असते. तिसऱ्या-चौथ्या रात्री येईल. हात धरून परत न्या, थोडक्यात ‘झोपायची वेळ आहे’ म्हणा, पांघरूण घाला आणि बाहेर या. रागावणं नको, गोष्टही नको. पाचव्यांदाही तेच, तितक्याच कंटाळवाण्या आवाजात. मुलाला बाहेर येण्यात काही गंमत मिळाली नाही की फेऱ्या कमी होतात. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकच वाक्य ठरवा. नाहीतर मूल तिसऱ्या रात्रीपर्यंत ओळखतं की कोणाकडे गेलं की गोष्ट मिळते. काही आठवडे असेच गेले आणि कोणाचीच झोप होत नसेल, आणि मूल कठडा चढत नसेल व ८९ सें.मी.च्या आत असेल, तर काही महिन्यांसाठी कॉट परत लावायला हरकत नाही. ते अपयश मानू नका.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी सगळे बोल्ट एकदा आवळा, नव्या लाकडाचे जोड वापराने बसतात. नंतर दर तीन-चार महिन्यांनी. त्याच वेळी भिंतीकडची फट आणि कठड्याचा पट्टाही बघा. कठडा काढायची वेळ आली की मूल तो ओलांडून उतरू लागतं. कठड्यावरून चढू लागलेल्या मुलाला तो उपयोगाचा नसतो, उलट पडण्याची उंची वाढवतो. काढल्यावर काही दिवस पलंगाशेजारी जमिनीवर जुनी गादी पसरून ठेवा.